हाताखालचं शरीर

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना कोणता विषय जड जातो असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : ॲनाटॉमी. जड का जातो असं पुढे विचारलं की तेही उत्तर ठरलेलं : नावं. स्टर्नोक्लायडोमास्टॉइड, गॅस्ट्रोक्नेमियस, इलिओसीकल व्हॉल्व्ह. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली, तालुक्याच्या गावाहून आलेली मुलगी ही नावं रात्री जागून पाठ करते, स्पेलिंग चुकू नये म्हणून वहीत दहादहा वेळा लिहिते आणि परीक्षेत ती उतरवूनही येते. तिच्या कष्टांत काहीच खोट नसते. पण पुढे वॉर्डात ड्यूटी लागते, समोर घाबरलेला पेशंट असतो, कोपराच्या घडीत व्हेन सापडत नसते, आणि पाठ केलेल्या त्या यादीतलं एकही नाव तेव्हा मदतीला येत नाही. कारण नावं पाठ झालेली असतात, जागा झालेल्या नसतात.

ही प्रस्तावना मी त्या जागांसाठी लिहिते आहे. सर्जन शरीर उघडून पाहतो. रेडिओलॉजिस्ट ते पडद्यावर आरपार पाहतो. नर्सच्या वाट्याला येतं ते मिटलेलं, जिवंत, श्वास घेणारं, कुशीवर वळणारं, दुखलं की आखडून घेणारं शरीर. तिचा संबंध त्वचेशी येतो आणि त्वचेखालचं सगळं तिला हातानं, डोळ्यांनी, कानांनी ओळखावं लागतं. म्हणून नर्सनं शरीररचना शिकताना एकच प्रश्न सारखा विचारत राहावा : माझा हात आत्ता इथे आहे, तर त्याच्याखाली काय आहे, किती खोल आहे आणि त्याच्या शेजारी काय आहे? या प्रश्नाचं उत्तर देता आलं की नावं आपोआप चिकटतात. उलट क्रमानं गेलं तर ती परीक्षेनंतर महिनाभरही टिकत नाहीत.

सुरुवात उभं राहण्यापासून करायची. शरीररचनेतलं सगळं वर्णन एकाच पवित्र्यातल्या माणसाचं असतं : ताठ उभा, नजर समोर, हात बाजूला सोडलेले, तळवे पुढे केलेले, पावलं पुढच्या दिशेला. ही ॲनाटॉमिकल पोझिशन. रोजच्या जगण्यात असं कोणी उभं राहत नाही. तरीही ती ठरवून घेतली आहे, कारण पेशंट पालथा असो, कुशीवर असो की ऑपरेशन टेबलावर पाय वर बांधून घेतलेला असो, वर्णनाचे शब्द बदलता कामा नयेत. तळवे पुढेच का, याचंही कारण आहे. एका हातानं दुसऱ्या हाताला कोपराच्या खाली धरा आणि तळवा पुढे-मागे फिरवून पाहा. तळवा पुढे असताना आतली दोन हाडं, रेडियस आणि अल्ना, शेजारी शेजारी समांतर असतात. तळवा मागे वळवला की अंगठ्याकडची रेडियस अल्नावरून तिरपी जाते. हाडं एकमेकांवर चढलेली असताना आतलं काय आणि बाहेरचं काय हे सांगणंच अवघड होतं.

उजवं-डावं नेहमी पेशंटचं. हे वाचताना सोपं वाटतं, पण तुम्ही पेशंटसमोर उभ्या असता तेव्हा त्याची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला असते आणि घाईच्या वेळी नजर फसते. एक्स-रेची फिल्म लावतात तीही तो माणूस तुमच्यासमोर उभा असल्यासारखी : फिल्मच्या डाव्या अंगाला पेशंटची उजवी बाजू. ऑपरेशनच्या आधी मार्किंग करताना, केसपेपरवर लिहिताना, कन्सेंट घेताना ही एक गोष्ट पक्की नसेल तर होणारं नुकसान भरून येणारं नसतं. म्हणून पहिल्या दिवसापासून 'माझा उजवा' हा विचार डोक्यातून काढून टाका.

मग दिशांचे शब्द येतात. मेडियल म्हणजे मध्यरेषेकडचं, लॅटरल म्हणजे मध्यरेषेपासून लांबचं. प्रॉक्सिमल म्हणजे हात किंवा पाय जिथून सुरू होतो त्या बाजूचं, डिस्टल म्हणजे बोटांकडचं. हे शब्द सकाळच्या ओव्हरमध्ये रोज लागतात. 'पायाला जखम आहे' एवढंच सांगितलं तर पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरला काही कळत नाही. 'उजव्या पायाला, मेडियल घोट्याच्या वर' म्हटलं की ती थेट तिथे पोचते. शिरेच्या बाबतीत तर या शब्दांवर हातातलं कामच अवलंबून आहे. इंट्राकॅथ शक्यतो डिस्टल बाजूनं, म्हणजे हाताच्या पंजाकडून, सुरू करायचं. रक्त हृदयाकडे वाहतं. वरच्या बाजूला कोपराशी एकदा शीर फुटली आणि मग त्याच शिरेत खाली मनगटाशी सलाईन लावलं, तर औषध वर जाताना त्या फुटलेल्या जागेतून बाहेर झिरपू शकतं आणि हात सुजतो. खालून वर जायचं ते यासाठी.

शरीराची बांधणी शिकवताना एक उतरंड सांगितली जाते : रसायनं, पेशी, ऊती, अवयव, संस्था आणि अख्खा माणूस. ऊतींचे चार प्रकार : आच्छादक, संयोजी, स्नायू आणि चेता. पाठ्यपुस्तकात हे सगळं अर्ध्या पानात संपतं आणि विद्यार्थी ते तसंच सोडून देतात. पण ही उतरंड खरी कशी असते हे पाहायचं असेल तर वॉर्डात एक जागा आहे, आणि ती नर्सच्या थेट जबाबदारीची आहे. ती म्हणजे बेडसोर.

पक्षाघात झालेला, स्वतःहून कूस न बदलू शकणारा पेशंट उताणा पडून आहे असं समजा. कंबरेखाली जिथे पाठीचा कणा संपत येतो तिथे सेक्रम हे हाड आहे. त्यावर मांसाचा थर फारसा नाही. वरून शरीराचं वजन, खालून गादी, आणि मधे सापडलेली त्वचा व तिच्याखालचं मऊ मांस. दाबानं तिथल्या केशवाहिन्या मिटतात. रक्त पोचत नाही म्हणजे प्राणवायू पोचत नाही, साखर पोचत नाही, पेशीत साठलेली घाण बाहेर जात नाही. ही रसायनांची पातळी. काही वेळानं पेशी मरायला लागतात. मग ऊतींची पाळी. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या : स्नायूंना रक्ताची गरज जास्त, त्यामुळे दाबाखाली स्नायू त्वचेच्या आधी मरतो. आणि दाब सगळ्यात जास्त असतो तो हाडाला लागून, खोलवर. वरून दिसतो तो लहानसा डाग, आत मात्र मोठी पोकळी तयार होत असते. त्वचा फाटली की एका अवयवाचं काम थांबलं. शरीराची सीमा उघडी पडली. जंतू आत शिरतात, जखमेतून पाणी आणि प्रथिनं जात राहतात, ताप येतो, आणि जंतू रक्तात पसरले की मूत्रपिंडापासून मेंदूपर्यंत सगळ्या संस्था त्यात ओढल्या जातात. उतरंडीच्या सगळ्या पायऱ्या एका पेशंटच्या पाठीवर घडतात.

म्हणून बॅक केअर हे कमी दर्जाचं, नवख्यांवर ढकलायचं काम समजू नका. दर दोन तासांनी पोझिशन बदलताना त्या जागा डोळ्यांखालून गेल्या पाहिजेत : उताण्या पेशंटचं डोक्याचं मागचं हाड, खांद्याची पाती, कोपरं, सेक्रम, टाचा, कुशीवरच्या पेशंटचा कान, खांदा, खुब्याचं बाहेर आलेलं हाड, गुडघ्याची बाजू, घोटा. लाल दिसणाऱ्या जागी बोट दाबून उचलायचं. जागा क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त अजून फिरतं आहे. दाबूनही रंग हलला नाही तर नुकसान सुरू झालं. आपल्याकडच्या सावळ्या आणि काळ्या त्वचेवर मात्र ही लाली दिसतेच असं नाही. गोऱ्या कातडीवरचे फोटो पाहून शिकलेली नजर इथे चुकते. आपल्या पेशंटमध्ये आजूबाजूपेक्षा गडद झालेली जागा पाहायची, हाताच्या पाठीनं ती गरम लागते का पाहायचं, दाबून कडक किंवा पिलपिलीत लागते का पाहायचं, आणि पेशंट बोलू शकत असेल तर तिथे दुखतं का ते विचारायचं.

आता आतल्या पोकळ्यांकडे येऊ. कवटी आणि कण्याच्या पोकळीत मेंदू आणि मज्जारज्जू; त्यांच्याबद्दल इथे जास्त बोलत नाही, पुढे स्वतंत्र प्रकरण आहे. धडाच्या भागात छातीची पोकळी, पोटाची पोकळी आणि ओटीपोट. छाती आणि पोट यांच्यामधे श्वासपटल, म्हणजे डायाफ्राम. विद्यार्थी चित्रात ती सपाट रेघ काढतात आणि तिथेच घोटाळा होतो. श्वासपटल घुमटासारखं वर गेलेलं असतं, उजवीकडे यकृतामुळे थोडं अधिकच. त्यामुळे यकृत, प्लीहा आणि जठराचा बराचसा भाग बरगड्यांच्या आड असतो. छातीच्या खालच्या भागात लागलेला मार किंवा वार पोटातल्या अवयवालाही लागलेला असू शकतो. अपघातात डाव्या खालच्या बरगड्या मोडलेला पेशंट कॅज्युअल्टीत आला की नाडी आणि बीपी सारखं का पाहत राहायचं, हे ज्याला बरगड्यांखालची प्लीहा डोळ्यांसमोर दिसते त्याला कोणी वेगळं सांगावं लागत नाही.

दम लागलेल्या पेशंटला उठवून बसवतात त्याचंही उत्तर याच घुमटात आहे. आडवं पडल्यावर पोटातले अवयव श्वासपटलाला वर ढकलतात. बसवलं की ते खाली उतरतात आणि फुप्फुसांना जागा मिळते. दिवस भरत आलेल्या बाईला डाव्या कुशीवर झोपायला सांगतात, कारण खालच्या अर्ध्या शरीरातलं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर, इन्फिरियर व्हेना केव्हा, कण्याच्या उजव्या अंगानं जाते. उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार तिच्यावर येतो, हृदयाकडे येणारं रक्त कमी होतं, बाईला घेरी आल्यासारखं होतं, बीपी उतरतं, बाळाकडे जाणारं रक्तही कमी होतं. एनिमा देतानाही डावीच कूस, कारण मोठ्या आतड्याचा शेवटचा बाक डावीकडे आहे आणि पाणी उताराकडे जातं. नर्सिंगच्या प्रोसिजर बुकात या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या पानांवर नियम म्हणून छापलेल्या असतात. नियम विसरतात. कोणता अवयव कुठे आहे हे माहीत असेल तर तो नियम तुम्ही स्वतः पुन्हा तयार करू शकता.

फुप्फुसांबद्दल इथे एवढंच : उजवी मुख्य श्वासनलिका डाव्या नलिकेपेक्षा रुंद, आखूड आणि जास्त सरळ आहे. खेळता खेळता लहान मुलाच्या श्वासनलिकेत गेलेला शेंगदाणा बहुधा उजवीकडे सापडतो तो यामुळे. अचानक ठसका लागून सुरू झालेला खोकला आणि एकाच बाजूला कमी ऐकू येणारा श्वास, हे दोन्ही एकत्र दिसले तर आईला पुन्हा विचारा : पोरगं तेव्हा तोंडात काय घेऊन होतं?

पोटाचे चार भाग करतात, बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेघ मारून. नऊ भागही करतात. दोन्ही शिकून घ्या. वॉर्डात चार भाग जास्त वापरतात. पेशंट म्हणतो 'पोटात दुखतंय' आणि सगळ्या पोटावरून हात फिरवतो. तेव्हा त्याला एकच बोट ठेवून दाखवायला सांगायचं. तो बोट कुठे ठेवतो, की ठेवूच शकत नाही, हीसुद्धा महत्त्वाची माहिती आहे. अपेंडिक्सचं दुखणं पुष्कळदा बेंबीभोवती सुरू होतं आणि काही तासांनी उजवीकडे खाली सरकतं. सुरुवातीला आतल्या अवयवाच्या चेतातंतूंकडून येणारी वेदना असते. ती मेंदूला नेमकी जागा सांगू शकत नाही. ज्या पातळीच्या मज्जारज्जूत ती पोचते, त्याच पातळीचे तंतू बेंबीभोवतीच्या त्वचेतून येतात, म्हणून दुखतं ते बेंबीशी. सूज वाढून पोटाच्या आतल्या अस्तराला लागली की मग ते अस्तर नेमकी जागा सांगतं. दुपारी बेंबीशी दुखत होतं आणि रात्री उजवीकडे आलं, हे सरकणं ज्या सिस्टरनं टिपून ठेवलं तिनं निदानाचा मोठा भाग करून ठेवला.

याच कारणानं वेदना लांबही उमटते. श्वासपटलाचे चेतातंतू मानेतून येतात, त्यामुळे पोटात वरच्या बाजूला रक्त किंवा हवा साठली तर खांदा दुखतो. हृदयाची वेदना डाव्या हातात, जबड्यात किंवा छातीच्या खाली पोटाच्या वरच्या भागात येऊ शकते. ॲसिडिटी झाली आहे, काहीतरी गोळी द्या, असं म्हणत घाम पुसत येणारा माणूस, विशेषतः मधुमेहाचा पेशंट किंवा वयस्क बाई, यांच्याबाबतीत हृदयाची शंका मनातून काढू नका. जठर आणि हृदय यांच्यामधे फक्त श्वासपटलाचा पातळ पडदा आहे.

इंजेक्शनवर मी थोडं जास्त थांबणार आहे, कारण नर्सच्या हातून रोज होणारं आणि चुकलं तर पेशंटला आयुष्यभराचं पंगुत्व देऊ शकणारं हे काम आहे, आणि त्यात शरीररचनेशिवाय दुसरं काही नाही. त्वचेखाली चरबीचा थर, त्याखाली स्नायू. बीसीजी त्वचेच्याच थरात, सुई जवळजवळ आडवी. इन्सुलिन चरबीत. स्नायूत द्यायचं इंजेक्शन काटकोनात. एकाच त्वचेखाली ही तीन वेगवेगळी ठिकाणं आहेत आणि औषध किती लवकर रक्तात जाईल हे ते कुठे पडलं यावर ठरतं.

कुल्ल्यावर इंजेक्शन घ्यायची आपल्याकडे जुनी सवय आहे. पेशंट स्वतःहून वळून पडतात. पण त्या भागातून सायटिक चेता जाते. शरीरातली ही सगळ्यात जाड चेता ओटीपोटातून मागे बाहेर पडते आणि कुल्ल्याच्या खालच्या, मध्याकडच्या भागातून मांडीत उतरते. तिला सुई किंवा औषध लागलं तर पाऊल उचलता येईनासं होतं. माणूस पाय ओढत चालतो. म्हणून कुल्ल्याचे चार भाग कल्पून फक्त वरचा आणि बाहेरचा भाग घ्यायचा असं शिकवतात. पण 'कुल्ला' म्हणजे मागची फुगीर जागा असं धरलं की वरचा बाहेरचा भागही बराच खाली येतो. त्याची हद्द वर कंबरेच्या हाडाच्या कडेपर्यंत जाते. ही कड हाताला लागल्याशिवाय भाग पाडायचे नाहीत.

त्यापेक्षा सुरक्षित जागा बाजूची, व्हेंट्रोग्लूटियल. तिथे मोठी चेता नाही, मोठी रक्तवाहिनी नाही. ती शोधायची तर हाडंच धरावी लागतात. पेशंटच्या डाव्या खुब्यासाठी तुमचा उजवा तळहात, उजव्या खुब्यासाठी डावा. तळहाताचा खालचा भाग खुब्याच्या बाहेरच्या हाडावर टेकवा, अंगठा जांघेच्या दिशेला. तर्जनी पुढच्या बाजूला कंबरेच्या हाडाचं जे टोक लागतं तिथे. मधलं बोट त्याच हाडाच्या कडेनं मागे पसरवा. तर्जनी आणि मधलं बोट यांच्यामधे जो कोन तयार झाला त्याच्या मध्यावर सुई. वाचून हे क्लिष्ट वाटतं. मैत्रिणीला विचारून, तिच्या कपड्यांवरून, दोनदा करून पाहिलं की हात ती जागा कायमची ओळखतो.

तान्ह्या बाळाच्या कुल्ल्याचे स्नायू चालायला लागेपर्यंत भरलेले नसतात आणि चेता त्वचेच्या जवळ असते. म्हणून आपल्या राष्ट्रीय लसीकरणात 6, 10 आणि 14 आठवड्यांची पेंटाव्हॅलंट लस मांडीच्या मधल्या भागात, पुढून बाहेरच्या बाजूला देतात. लसीकरणाच्या दिवशी आजी म्हणते, 'मागं द्या की, मांडी दुखंल लेकराची.' तिला बाळाच्या मांडीत मांस जास्त असतं आणि मागे नस असते, एवढं समजावून सांगता आलं पाहिजे.

बाळ म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे शरीररचनेतही ठसठशीत दिसतं. डोक्यावर पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरत जाते. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं की ती खोल जाते, मेंदूभोवती दाब वाढला की फुगते. बाळ रडत नसताना, उभं धरून तिच्यावरून बोट फिरवलं तर इतकी माहिती मिळते. बाळाच्या बरगड्या आडव्या असतात, छाती फारशी फुगत नाही, श्वास पोटानं चालतो. म्हणून श्वास मोजताना पोट पाहायचं आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. 2 महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला 60 किंवा जास्त, 2 महिने ते 1 वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांत 40 किंवा जास्त श्वास हे धोक्याचं लक्षण मानतात. मोठ्या माणसांतही बाईचं आणि पुरुषाचं शरीर एकसारखं धरून चालत नाही. बाईची मूत्रनलिका साधारण 4 सेंटिमीटरची, पुरुषाची त्याच्या चार-पाचपट. बायकांना लघवीचा संसर्ग वारंवार का होतो, आणि पुरुषाला कॅथेटर घालताना घाई का करायची नाही, ही दोन्ही उत्तरं त्यात आहेत.

या शास्त्राला मोठा इतिहास आहे आणि तो सगळा इथे मावणार नाही. पण सुश्रुताचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मृतदेह पाहण्याची पद्धत दिली आहे : देह गवतानं गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात आडोशाला सात रात्री ठेवायचा, मग वाळ्यासारख्या तंतूंच्या कुंचल्यानं हळूहळू एकेक थर घासत त्वचेपासून आतपर्यंत सगळं डोळ्यांनी पाहायचं. त्वचेपासून आत, हा क्रम लक्षात घ्या. त्यानं हाडं 300 मोजली, आज आपण प्रौढाची 206 मोजतो; तो दात आणि कूर्चाही हाडांत धरत होता. युरोपात वेसेलियसनं 1543 मध्ये आपला सचित्र ग्रंथ छापला. माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो असं गेलेनच्या आधारावर शतकानुशतकं शिकवलं जात होतं. वेसेलियसनं मृतदेह उघडून पाहिला आणि ते एकच हाड आहे हे दाखवलं. आपल्या देशात 1836 मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा जातीचा आणि विटाळाचा केवढा विरोध असेल याची कल्पना करता येते. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं ते 1845 साली.

आज तुम्ही ॲनाटॉमी विभागात बरणीतलं हृदय किंवा टेबलावरचा देह पाहायला जाल तेव्हा तो देह बहुधा कोणीतरी जिवंतपणी ठरवून दिलेला असेल. महाराष्ट्रात 1949 च्या ॲनाटॉमी कायद्यामुळे मृतदेह शिक्षणासाठी वैद्यकीय महाविद्यालयांकडे देता येतो आणि देहदानाचा अर्ज भरून ठेवणारी माणसं गावोगावी आहेत. त्यांच्या घरच्यांनी दहाव्या-तेराव्याच्या बोलण्यांना तोंड देत तो शब्द पाळलेला असतो. तिथे फोटो काढायचा नाही, हसायचं नाही, नाक दाबून कोपऱ्यात उभं राहायचं नाही. जवळ जायचं, हातमोजे घालायचे आणि नीट पाहायचं. हृदय हातात घ्या. डाव्या कप्प्याची भिंत उजव्यापेक्षा किती जाड आहे हे बोटांत धरून पाहा, कारण डाव्याला रक्त अख्ख्या शरीरात ढकलायचं असतं आणि उजव्याला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच. हे एकदा बोटांना कळलं की वाढलेल्या बीपीनं हृदयाचं काय होतं ते वाचताना वेगळा प्रयत्न करावा लागत नाही.

पण पुस्तक वाचण्यासाठी तुमच्याजवळ रोज असणारा नमुना म्हणजे तुमचं स्वतःचं शरीर. गळ्याच्या खालच्या खळग्यापासून बोट छातीच्या हाडावरून खाली आणा. चार-पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंना जोडलेली बरगडी दुसरी. पहिली बरगडी गळपट्टीच्या हाडाखाली दडलेली असते, ती मोजायला जाऊ नका. दुसरीपासून डाव्या बाजूनं खाली मोजत जा, पाचव्या बरगडीखालच्या मोकळ्या जागेत थांबा, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यापासून सरळ खाली जिथे येतं तिथे. हृदयाचं टोक तिथे आपटतं. हीच जागा ईसीजीच्या चौथ्या लीडची. बायकांच्या बाबतीत ती शोधताना स्तनाखालून जावं लागतं. त्यासाठी आधी सांगायचं, पडदा ओढायचा, हात ऊबदार करून घ्यायचे. परवानगी घेणं हा या विषयातलाच भाग आहे. आखडून घेतलेल्या पोटावर हात ठेवला तर स्नायूच लागतात, खाली काय आहे ते कळत नाही. विश्वासानं सैल सोडलेल्या पोटावरच हाताला काही सापडतं.

नावांचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच. नावं इंग्रजीतच लिहायची आहेत, कारण प्रिस्क्रिप्शन, रिपोर्ट, परीक्षा सगळं त्याच नावांनी चालतं. त्यात लाज किंवा भीती बाळगायचं कारण नाही. आधी जागा शोधा, मग ती जागा आपल्या भाषेत सांगा, खुबा, घोटा, पोटरी, ओटीपोट, बरगडी, जे घरी म्हणतो तेच, आणि मग त्यावर इंग्रजी नाव चढवा. पेशंटशी बोलताना पहिला शब्द लागेल, डॉक्टरांशी बोलताना दुसरा. दोन्ही एकाच जागेला बांधलेले असले पाहिजेत. आकृती पाहून आकृती काढू नका. स्वतःच्या हाताकडे पाहून हाताची आकृती काढा, मग पुस्तकाशी पडताळा. नाडी लागली तिथे रेडियल आर्टरी, अंगठ्याच्या बाजूला. तुमची तीन बोटं तिथे ठेवलेली असतानाच तिचं नाव लिहा.

पुढची प्रकरणं म्हणूनच त्वचेपासून सुरू होतात. मग हाडं, कारण त्वचेवरून हाताला लागणाऱ्या खुणा त्यांच्याच असतात. मग स्नायू, रक्तवाहिन्या आणि चेता, हे तिन्ही एकत्र, कारण हातापायात ते एकत्रच धावतात आणि सुई मारताना तिघांचा विचार एकदम करावा लागतो. पोकळ्यांमधले अवयव शेवटी येतात. नेहमीच्या अभ्यासक्रमात पेशीपासून सुरुवात असते. तुमच्या कॉलेजात तसंच शिकवत असतील तर त्या क्रमानंही हे पुस्तक वाचता येईल. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी शरीरावर शोधायच्या जागा दिल्या आहेत. त्या आधी स्वतःवर शोधा, मग मैत्रिणीवर, मग ट्यूटरसमोर, आणि वॉर्डात जाल तेव्हा आपल्या नेहमीच्या कामात, स्पंजिंग करताना, बीपी घेताना, पोझिशन देताना, एकेक करून पुन्हा पडताळत जा. पहिल्या प्रकरणाचं काम आज रात्रीही करता येईल : घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्यांच्या हाताच्या पाठीवरची त्वचा चिमटीत हलकेच उचला, सोडा, ती किती वेळानं खाली बसते ते पाहा आणि मग तेच आपल्या हातावर करा. दोन्हींत फरक का पडला, ते पान 1 पासून सुरू होतं.